दहाव्या मिनिटाचा फोटो

धायरी, पुणे
रविवार, ५ ऑगस्ट २००७

चि. ऋषी यास अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा आहे तसाच आहे, आणि तो तसाच असल्याची बातमी ती रोज नव्याने देते. गॅलरीतून पूर्वी सिंहगड दिसायचा. आता एका इमारतीचा सांगाडा दिसतो आणि त्यावरच्या फलकावर 'सिंहगड व्ह्यू' असं लिहिलेलं आहे.

तुझी ईमेल पोचली. कॉलेजात प्रिंट काढून वाचली, कारण इतकी उद्गारचिन्हं स्क्रीनवर एकदम पाहवत नाहीत. उत्तर कागदावर देते आहे, कारण ईमेल तू फॉरवर्ड करतोस. मागे आमच्या विभागप्रमुखांविषयी मी तुला चार ओळी लिहिल्या होत्या. त्या तू कौतुकाने सतरा जणांना धाडल्यास. त्यांत विभागप्रमुखांचा भाचा होता.

तर ओहायोतल्या विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सोडून तू पुण्याला येणार आणि पाळंदे सरांच्या 'पेशीदीप' कंपनीत मार्केटिंगचा प्रमुख होणार. एक ऑक्टोबरपासून. का, तर "ताईचं संशोधन जगापुढे न्यायचंय." हे वाक्य तू इंग्रजीत लिहिलं आहेस, त्यामुळे ते आणखीच वाईट दिसतं. ज्या सरांच्या हाताखाली मी साडेचार वर्षं पीएच.डी. केली, त्यांच्याविषयी एकही शब्द मी घरात आपणहून काढत नाही, हे तुझ्या कधी लक्षात आलं नाही. तुम्हा लोकांच्या लक्षात यायला बहुतेक ती गोष्ट बाणाच्या खुणा लावून दाखवावी लागते.

सोबतच्या अठरा स्लाइडी पाहिल्या. पहिलीवर सूर्योदय आहे. सातवीवर मानवी पेशी म्हणून जे आहे ते मला हाफ फ्राय वाटलं. अकरावीवर लिहिलंय की तोंडाच्या कर्करोगाचं निदान एका तासात, गावोगावी, सुईशिवाय. तू काय विकणार आहेस ते तुला ठाऊक आहे का, असं विचारणार होते. स्लाइडी पाहिल्यावर तो प्रश्न उरला नाही. म्हणून सांगते. हळू वाच.

पेशीत डीएनए असतो. त्यातला जो भाग कामाला लागतो त्याच्या नकला निघतात, त्या म्हणजे आरएनए. कुठल्या नकला निघाल्या आहेत हे कळलं की पेशी काय करते आहे ते कळतं. बिघडलेली पेशी बिघडलेल्या कामाच्या नकला काढते. पंचाईत अशी की त्या पाहायच्या तर एरवी पेशी मारावी लागते. जिवंत पेशीत पाहायच्या तर प्रोब लागतो. आमचा प्रोब म्हणजे डीएनएचाच एक छोटा तुकडा, केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला. एका टोकाला चमकणारा रेणू, दुसऱ्या टोकाला ती चमक गिळून टाकणारा. दुमडलेला असताना दोघं शेजारी, म्हणून अंधार. हव्या त्या आरएनएला तो चिकटला की आकडा उघडतो, टोकं लांब जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरवी दिसते. अंधार म्हणजे नाही, उजेड म्हणजे आहे. इतकी देखणी कल्पना मी दुसरी पाहिली नाही. ती सरांची नव्हे. सरांनी ती परदेशातल्या एका परिषदेतून आणली, लोक चॉकलेटं आणतात तशी.

आता तुझ्या अठरा स्लाइडींत नसलेली गोष्ट. बाहेरचा तुकडा आत शिरला की पेशी तो कुरतडते. कुरतडला की टोकं सुटी होतात, आणि सुटी झाली की उजेड पडतो. आरएनए असो वा नसो. म्हणून प्रत्येक वेळी एक दुसरा प्रोब वापरून पाहायचा असतो, जो पेशीतल्या कशालाच चिकटू शकत नाही. त्याला कंट्रोल म्हणतात. तो काळा राहिला तरच पहिल्याच्या उजेडाला अर्थ.

आमच्या लॅबमध्ये दशरथ कापगते नावाचा मुलगा होता. साकोलीचा, भंडाऱ्याकडचा. माझ्या मागून दोन वर्षांनी आलेला. हात असा की आम्ही जिथे तीन वेळा चुकायचो तिथे त्याचं पहिल्यांदाच व्हायचं. सर त्याला "आमचा विदर्भ" म्हणायचे आणि त्यांना तो विनोद वाटायचा. डिसेंबर २००३ मध्ये त्याने हा कंट्रोल करून पाहिला. पाऊण तासात कंट्रोल आणि खरा प्रोब दोन्ही सारखेच हिरवे. कर्करोगाच्या पेशीत हिरवे, चांगल्या पेशीत हिरवे. शनिवारच्या बैठकीत त्याने ते भिंतीवर दाखवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "कापगते, हात धुऊन काम करत जा." सगळे हसले.

पुढे पडताळणी झाली. फोटो काढले गेले. त्यांत कंट्रोल काळा होता. शोधनिबंध छापला गेला. दशरथ लॅब सोडून गेला. मला पदवी मिळाली. आणि आता तू त्या निबंधावर सूर्योदय चिकटवला आहेस.

यंदाच्या मे महिन्याच्या शेवटी पेशीदीपने इथे गावच्या सभामंडपात मोफत तपासणीचं शिबिर घेतलं. आमच्या कॉलेजात काचसामान धुणाऱ्या सुंदराबाई तिथे गेल्या होत्या. जन्मभर मिश्री लावतात. गालाच्या आतून खरवडून घेतलं, आणि तोंडातून असं खरवडलेल्या पेशींतल्या निम्म्या मेलेल्याच असतात हे तुझ्या सरांना पक्कं माहीत आहे. हिरव्या दिसल्या. चिठ्ठी मिळाली: कर्करोगाचा संशय. महिनाभर बाई जिवंतपणी मेल्या. मग मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला. काहीही नाही.

राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर परत घे. मार्केटिंगच करायचं असेल तर साबणाचं कर. त्याने निदान हात स्वच्छ होतात.

आईने चकली करून ठेवली आहे आणि ती ओहायोला कशी पाठवायची ते मला विचारते आहे. मी ऐकलं नाही असं दाखवते.

तुझी,
ताई

*

धायरी, पुणे
रविवार, २६ ऑगस्ट २००७

चि. ऋषी,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे. चकली आम्हीच संपवली.

गुरुवारी लाइन तुटली नव्हती. फोन मी ठेवला होता.

राजीनामा तू आधीच देऊन बसला आहेस हे तू सांगितलंस, त्याने मला राग आला नाही. उतावळेपणा तुझा जुनाच आहे. तू सरांना फोन करून विचारलंस आणि सर म्हणाले, "तुझी ताई हुशार आहे, पण जरा भावनाप्रधान," त्याचाही नाही. बाई खरं बोलू लागली की तिला भावनाप्रधान म्हणायची पद्धत त्यांनी शोधलेली नाही. तीही कुठून तरी आणली असणार. पण मग तू विचारलंस, "ताई, फोटो काढले गेले म्हणजे कोणी काढले?"

पाचवीत तुला व्याकरणातले कर्तरी-कर्मणी प्रयोग ओळखायला मी शिकवलं होतं. तेव्हा तुला कर्मणी येत नव्हता. नेमका माझ्या त्या पत्रात ओळखायला आला.

मी काढले.

बैठकीनंतर सरांनी मला पडताळणी करायला सांगितली. तीन दिवस मी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकापाशी बसले. तिन्ही दिवस तेच. पंचेचाळीस मिनिटांनी कंट्रोल हिरवागार. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. सरांनी मला चहा विचारल्याची ती पहिली वेळ.

"किती वेळाने बघतेस?"

"पंचेचाळीस मिनिटांनी, सर."

"दहाव्या मिनिटाला कंट्रोल कसा असतो?"

"काळा."

"मग त्याचा फोटो दहाव्या मिनिटाला काढ."

"आणि खऱ्या प्रोबचा?"

"तो पंचेचाळीसलाच. त्याला वेळ लागतो." मग त्यांनी बशीत चहा ओतला. "मार्चमध्ये तुझा प्रबंध जायचाय ना?"

"निबंधात वेळा लिहायच्या का?"

"वेळा कोण वाचतं, नम्रता?"

त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नाही. मला धमकी दिली नाही. हे मी तुला मुद्दाम सांगते, कारण गेली साडेतीन वर्षं मी स्वतःला वेगळं सांगत आले. सरांचा दबाव होता, घरी बाबांचं आजारपण होतं, तू शेवटच्या वर्षाला होतास. सगळं खरं होतं, आणि त्यातल्या कशानेही माझं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर ठेवलेलं नव्हतं. चहा संपवून मी परत गेले, दहा मिनिटांचा गजर लावला आणि फोटो काढला. छान आला. निबंधातलं दुसरं चित्र. डावीकडे काळं, उजवीकडे हिरवं, मधे पांढरी रेघ. तुझ्या नवव्या स्लाइडीवर तेच आहे. तू त्याला चौकट घातली आहेस.

आता दशरथ. "लॅब सोडून गेला" असं मी लिहिलं. तो गेला नाही, घालवला. तो ऐकेना, त्याने विभागाकडे लेखी अर्ज दिला, म्हणून तीन जणांची समिती बसली. मला बोलावलं. एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, "कापगते यांना मिळालेला निकाल तुम्हाला पुन्हा मिळाला का?"

मी म्हणाले, "नाही."

एवढं एकच उत्तर. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला धन्यवाद दिले. दशरथ बाहेर बाकावर बसला होता. मला पाहून उभा राहिला, कारण त्याला वाटलं मी त्याच्या बाजूने बोलून आले. महिन्याभरात त्याची शिष्यवृत्ती बंद झाली आणि नोंदणी रद्द.

तो कुठे आहे हे मला ठाऊक नाही, असंही तू समजला असशील. तो विश्रांतवाडीत राहतो. बुधवार पेठेतून सुटे भाग आणून कॉलेजांचे आणि पॅथॉलॉजीवाल्यांचे मायक्रोस्कोप दुरुस्त करतो. दर सहा महिन्यांनी आमच्याही लॅबमध्ये येतो. तो येणार असेल त्या दिवशी मी लायब्ररीत बसते. सुंदराबाई त्याला कपाट उघडून देतात. दोन वर्षं असं चाललं आहे, आणि दोन वर्षं मी विद्यार्थ्यांना फळ्यावर कंट्रोलचं महत्त्व लिहून देते आहे. त्याला परीक्षेत पाच गुण असतात.

सुंदराबाईंचंही मी अर्धंच लिहिलं होतं. शिबिराच्या फलकावर माझं नाव होतं, डॉक्टरसकट. मी मंचावर बसले होते. मला शाल दिली, मी घेतली. सुंदराबाई माझ्यासमोर रांगेत होत्या. नंतर त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमी वर बसल्या हुत्या म्हनून म्या तोंड उघडलं. न्हायतर असल्या शिबिरात कोन जातंय."

त्यांची मुलगी शालू नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. हुशार. आईच्या हातात ती चिठ्ठी आली आणि आईला वाटलं, आपले डोळे मिटायच्या आत पोरीचं पाहावं. हॉस्पिटलची तारीख महिन्याने मिळाली होती. लग्नाची लवकर मिळाली. अधिक महिना संपला आणि आठवड्याभरात सासवडच्या एका मुलाशी शालूचं लग्न झालं. मुलाचं ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान. सासरी शिकलेली सून चालते, शिकणारी चालत नाही. लग्नाला मी गेले. जिलबी खाल्ली. त्यानंतर सहाव्या दिवशी हॉस्पिटलचा रिपोर्ट आला, आणि तो मीच सुंदराबाईंना वाचून दाखवला. त्या रडल्या, माझ्या पाया पडायला वाकल्या. मी त्यांना पडू दिलं.

तुझी ईमेल त्यानंतर आली. ती वाचून माझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली असं समजू नकोस. दोन दिवस मी तुला अभिनंदनाचं उत्तर लिहीत होते. मग तुझी स्लाइड क्रमांक नऊ पुन्हा पाहिली.

तुझा फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मी विश्रांतवाडीला गेले. पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबलावर पाच मायक्रोस्कोप उघडे पडले होते आणि तो एका भिंगावरची बुरशी काढत होता. पूर्वी तो मला नम्रता म्हणायचा.

"या मॅडम. काहून आल्या?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. दहावं मिनिट, पंचेचाळिसावं मिनिट, समिती. त्याने हात थांबवला नाही.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुम्ही तीन दिवस आत होता. निकाल वेगळा आला असता तर पहिल्याच दिवशी बाहेर येऊन सांगितलं असतं."

"मग समितीपुढे का नाही बोललास?"

"त्यांनी तुम्हाला विचारलं होतं. माझं त्यांनी आधीच वाचलं होतं."

नियतकालिकाला आणि विद्यापीठाला पाठवायचं पत्र मी लिहून नेलं होतं. ते त्याला दिलं. त्याने चिमटा खाली ठेवला, हात पुसले आणि उभं राहून वाचलं. मी त्यात लिहिलं होतं, 'श्री. कापगते या गुणी संशोधकावर घोर अन्याय झाला.' त्याने माझ्याकडे पेन मागितलं आणि त्या वाक्यावर रेघ मारली.

"मी गुणी होतो की नाही ते तुम्ही ठरवू नका. तारीख लिहा. प्रोब कुठला ते लिहा. वेळ लिहा. कोण काय बोललं ते लिहा. बाकीचं तुमच्या डायरीत लिहा."

"तुला काही हवंय का, दशरथ?"

"माझा निकाल बरोबर होता, असं लेखी. तुमच्या सहीचं नको. तुमच्या सहीचं आता काय करायचं? त्या समितीच्या सहीचं." मग तो परत भिंगाकडे वळला. "आणि मी आलो की लायब्ररीत जात जाऊ नका. तुमच्या लॅबमधला तीन नंबरचा मायक्रोस्कोप दर वेळी कोण बिघडवतं, ते विचारायला तिथे माणूस लागतो."

मला तेव्हा बसायचं होतं. त्याने बस म्हटलं नाही.

पत्र काल रजिस्टरने गेलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दुरुस्त करून, माझ्या वहीच्या पानांच्या छायाप्रती आणि कंट्रोलचे पंचेचाळिसाव्या मिनिटाचे सगळे फोटो जोडून. ते मी फेकले नव्हते. का नव्हते ते मला विचारू नकोस. चांगुलपणा नव्हता एवढं खरं.

पदवी जाईल. पदवी गेली की नोकरीचं काय, ते तुला स्लाइड न काढता कळेल. आईला अजून सांगितलेलं नाही. तुला आधी सांगितलं, कारण तू माझं नाव घेऊन नोकरी सोडलीस, आणि मी त्या नावाला काय केलं होतं ते तुला माहीत असायला हवं होतं. आधीच.

नम्रताताई

*

धायरी, पुणे
१३ जानेवारी २००८

चि. ऋषी,

आशीर्वाद.

ऑगस्टच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. बंगळूरला दुसरी नोकरी लागली हे आईकडून कळलं. मी कॉलेजात असताना तू तिला फोन करतोस, हेही कळलं. वेळ बरोबर साधतोस.

काय काय झालं ते ऐकीव कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

नियतकालिकाने निबंध मागे घेतला. तीन ओळींची सूचना छापली. विद्यापीठाने समिती बसवली, आणि सर समितीपुढे म्हणाले की फोटो नम्रताने काढले, कुठल्या मिनिटाला काढले ते मला कसं कळणार. अर्ध्यापुरतं खरंच बोलले. चहाचा साक्षीदार नाही. त्यांच्यावर ठपका आहे तो 'देखरेखीतील शैथिल्य' एवढाच. तोंडाची तपासणी बंद झाली. पेशीदीप बंद झाली नाही. आता ते द्राक्षाच्या रोगांचं काहीतरी करणार आहेत म्हणे, आणि मार्केटिंगला त्यांना कोणी तरी मिळालंच असेल. तुझ्यासारखे पुण्यात पुष्कळ आहेत. हे मी टोचायला लिहीत नाही. वर्षभरापूर्वी टोचायला लिहिलं असतं.

माझी पदवी रद्द झाली. आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे आता पाटीवर काय लिहायचं?" दारावरची पाटी मी काढली, तर भिंतीवर चौकोन राहिला. तिने तिथे कॅलेंडर लावलं. कॉलेजने शिकवणं काढून घेतलं आहे. मेअखेरपर्यंत प्रयोगशाळेतल्या बाटल्या-काचांची यादी करायला ठेवलं आहे. पुढे बघू.

दशरथला त्याचा कागद मिळाला. 'श्री. द. कापगते यांच्या निरीक्षणांत दोष आढळून आलेला नाही.' खाली तिघांच्या सह्या. पुन्हा नोंदणी करायला त्याला बोलावलं होतं. त्याने विचार करून कळवतो म्हटलं आणि अजून कळवलेलं नाही. डिसेंबरात तो आमच्याकडे आला होता. मी लॅबमध्येच होते. त्याने तीन नंबरचा मायक्रोस्कोप उघडला आणि विचारलं, "हा कोण बिघडवतं?" मी म्हणाले, "एफवायची मुलं." "त्यांना शिकवा," म्हणाला. मग त्याला आठवलं की माझं शिकवणं बंद आहे. त्याने सॉरी म्हटलं नाही. मला ते बरं वाटलं.

सुंदराबाईंना सांगायला मला दिवाळी उजाडली. धुतलेल्या चंचुपात्रांची रांग लावत होत्या. पूर्ण ऐकलं.

"म्हंजी त्यो फोटू तुमी काढलेला."

"हो."

"आन् तुमाला ठावं हुतं."

"हो."

"शिबिराच्या दिशीबी ठावं हुतं?"

"हो, सुंदराबाई."

त्यांनी पदराला हात पुसले. "शालू दुसऱ्या वर्साला हुती," म्हणाल्या, आणि नळ सोडला.

नर्सिंगच्या कॉलेजात मी तीन खेपा घातल्या. जूनपासून शालूला परत घ्यायला ते तयार झाले. ते सांगायला सासवडला गेले. तिच्या सासूने चहा दिला, बघू म्हणाली. शालू मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आली. गाडी लागली तेव्हा म्हणाली, "मॅडम, आईला सांगितलंत ते बरं केलं. मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मी मनाची समजूत घातली होती." मी विचारलं, जूनमध्ये येशील का. ती म्हणाली, "दिवस गेलेत." पुढच्या वर्षीही जागा राहील, असं मी म्हणाले. खिडकीतून पाहिलं तेव्हा ती तिथेच उभी होती, पण माझ्याकडे पाहत नव्हती.

तू मला माफ करावंस असं या पत्रात कुठे लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. नसेल आलं तर लक्षात आणून देते. माझ्यामुळे तुझी नोकरी गेली, चारचौघांत तुझं हसं झालं. त्याचा राग तू धर. पण राग धरताना मी किती हुशार, आणि सरांनी माझा कसा बळी घेतला, अशी गोष्ट मित्रांना सांगत जाऊ नकोस. तू तशी सांगतोस, असं आई म्हणाली. ती गोष्ट खोटी आहे, आणि खोटं छान दिसेल असं मांडण्यात आपल्या घरात एक जण पुरे.

परवा संक्रांत. आई तिळाच्या वड्या करते आहे. कॉलेजात तिळगूळ न्यायचा की नाही ते ठरलेलं नाही. सुंदराबाई हल्ली माझ्या बाकावरच्या काचा धूत नाहीत. बाकी सगळ्यांच्या धुतात, लखलखीत. माझ्या तशाच ठेवतात, रांगेने, घाण वरच्या बाजूला करून. प्राचार्यांकडे तक्रार करावी असं एकाने सुचवलं. मी त्याला गप्प केलं.

संध्याकाळी सगळे गेले की मी माझ्या धुते.

नम्रता
(आधी 'ताई' लिहायचं की नाही ते तू ठरव.)